रुग्णाच्या उशापासून कार्यालयाच्या मेजापर्यंत

(जागतिक परिचारिका दिनानिमित्त भरलेल्या परिचारिका व रुग्णालय-प्रशासकांच्या मेळाव्यात एका प्रसिद्धी अधिकाऱ्याने केलेले भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर. औषधांची नावे मला धड उच्चारता येत नाहीत आणि इंजेक्शनची सुई पाहिली की आजही मी मान वळवतो. तेव्हा परिचारिकांच्या मेळाव्यात या गृहस्थाचे काय काम, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल, तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर मी भाषणाच्या ओघात देणार आहे. ते उत्तर देताना मला एक चूकही कबूल करावयाची आहे.

आजचा १२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. १८२० साली याच दिवशी त्या जन्मल्या. या दिवशी दीपप्रज्वलन होते, पुष्पगुच्छ दिले जातात आणि सेवा, त्याग, करुणा या शब्दांनी परिचारिकांचा गौरव होतो. हा गौरव योग्यच आहे. परंतु त्यात एक धोकाही आहे. एखाद्या व्यक्तीच्या त्यागाचे आपण फार कौतुक करू लागलो की तिच्या बुद्धीची विचारपूस करण्याचे राहून जाते. परिचारिका केवळ सेवा करीत नाही. ती पाहते, मोजते, तुलना करते आणि काय चुकते आहे हे पुष्कळदा इतर कोणाहीपेक्षा आधी ओळखते. डॉक्टर वॉर्डात फेरी मारून जातात. परिचारिका मात्र तीन पाळ्यांत मिळून चोवीस तास रुग्णापाशी असते. तिने जे पाहिले ते रुग्णालय चालविणाऱ्यांपर्यंत कसे पोहोचावे, आणि पोहोचल्यावर त्याचे काय व्हावे, हाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम माझी चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर मुलांच्या अतिसारासंबंधी एक माहितीपत्रक काढण्याचे काम माझ्याकडे आले. मजकूर सोपा होता. हात धुवावेत, पाणी उकळावे, जुलाब सुरू होताच मुलाला क्षार-संजीवनी पाजावी, अंगावरचे दूध बंद करू नये. मजकूर तज्ज्ञांनी तपासला होता. त्यासोबत मी चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले. एक आई क्षार-संजीवनीची पुडी पाण्याने भरलेल्या पेल्यात ओतीत आहे, मूल तिच्याकडे पाहत आहे. चित्र फार सुरेख उतरले होते. पत्रक छापले गेले, वाटले गेले, आणि मी पुढच्या कामाला लागलो.

त्या चित्रात काय चूक होती, हे आपल्यापैकी बहुतेकांच्या एव्हाना लक्षात आले असेल. सरकारी दवाखान्यात मिळणारी मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. घरातला नेहमीचा पेला सुमारे दोनशे मिलिलिटरचा. म्हणजे पाच पेल्यांचे क्षार एका पेल्यात. मजकुरात ‘एक लिटर’ असे स्पष्ट छापले होते. परंतु जिला वाचता येत नाही, किंवा जी आजारी मूल मांडीवर घेऊन घाईत पत्रक पाहते, ती माता चित्रच पाहणार. असे तीव्र द्रावण मुलाच्या पोटात गेले तर रक्तातील मिठाचे प्रमाण वाढते, तहान भागत नाही, आणि प्रसंगी मुलाला झटके येऊ शकतात. ज्या औषधाने मूल वाचावयाचे तेच त्याला घातक ठरते.

ही गोष्ट एका परिचारिकेच्या लक्षात आली. त्यांच्या वॉर्डात एक मूल आले होते. त्याच्या आईने पत्रक दाखवून सांगितले की, ‘चित्रात आहे तसंच दिलं.’ सुदैवाने ते मूल बरे होऊन घरी गेले. त्या परिचारिकेने वॉर्ड सिस्टरना सांगितले. त्यांनी लेखी देण्यास सांगितले. बाईंनी अर्ज लिहिला. तो वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे गेला, तेथून वरच्या कार्यालयात, आणि तेथून ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा घेऊन आमच्या कार्यालयात आला. आवक नोंदवहीत त्याची नोंद झाली. कागद माझ्या मेजावर आला. मी त्यावर ‘पाहिले’ असे लिहून सही केली, आणि कागद किरकोळ पत्रव्यवहाराच्या फाइलीत गेला.

चार महिन्यांनी पत्रकाची दुसरी आवृत्ती काढण्यासाठी मी जुने कागद चाळत होतो, तेव्हा तो अर्ज माझ्या हाती लागला. त्यावरची ‘पाहिले’ ही सही माझीच होती. मी तो कागद पाहिला होता, वाचला मात्र नव्हता. पहिली आवृत्ती तोपर्यंत संपली होती. ती परत गोळा करणे शक्य नव्हते. त्या पत्रकांपैकी किती घरांत ते चित्र भिंतीवर लागले आणि किती मातांनी त्याप्रमाणे केले, याचा हिशेब माझ्यापाशी नाही, आणि तो मिळणारही नाही.

मी त्या परिचारिकेला भेटावयास गेलो. क्षमा मागितली आणि विचारले, “बाई, तुम्ही पुन्हा स्मरणपत्र का पाठवलं नाहीत? दूरध्वनी तरी करायचा.” त्या म्हणाल्या, “साहेब, मला वाटलं, एवढं मोठं खातं आहे. त्यांनी विचार करूनच छापलं असेल. माझंच काही चुकत असेल.” हे बोलताना त्यांच्या मेजावर एक लिटरची पाण्याची बाटली ठेवलेली होती. पत्रक बदलण्याची वाट न पाहता त्यांनी प्रत्येक आईला ती बाटली दाखवून, पुडी तिच्यात रिकामी करून, द्रावण कसे करावयाचे हे समजावण्याचा परिपाठ ठेवला होता. समजावून झाल्यावर त्या म्हणत, ‘आता तुम्ही मला करून दाखवा.’

भगिनींनो, त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनात घर करून राहिला आहे. माझा सारा व्यवसाय वरून खाली सांगण्याचा. सरकारचा निर्णय लोकांपर्यंत, तज्ज्ञांचा सल्ला घराघरापर्यंत. त्या वाटेवर पत्रके आहेत, नभोवाणी आहे, भित्तिचित्रे आहेत, आता भ्रमणध्वनीही आहे. परंतु खालून वर येणारी वाट अरुंद आहे, आणि माझ्यासारख्या माणसाचे मेज त्या वाटेत आडवे पडलेले आहे.

परिचारिकेच्या एका साध्या निरीक्षणाने केवढे काम होऊ शकते, याचे एक उदाहरण सांगतो. १९५६ च्या उन्हाळ्यातील ही गोष्ट. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात रॉचफर्ड येथील रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बालकांचा एक विभाग होता. सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका त्याच्या प्रमुख होत्या. मोकळी हवा आणि ऊन बालकांना मानवते अशी त्यांची समजूत असल्यामुळे, चांगले ऊन पडले की त्या नाजूक बालकांना अंगणात नेत. एके दिवशी डॉक्टरांची फेरी चालू असताना त्यांनी, काहीशा संकोचानेच, एका बालकाचे अंग उघडून दाखविले. बालकाची त्वचा फिकट झाली होती. फक्त एक त्रिकोणी भाग गडद पिवळा राहिला होता. डॉक्टरांना प्रथम वाटले की तेथे काही औषध लावले असावे. सिस्टर वॉर्ड यांनी सांगितले की नाही, तेवढा भाग चादरीच्या टोकाखाली झाकलेला राहिला असावा. जिथे ऊन लागले तिथली कावीळ उतरली होती, जिथे लागले नाही तिथे ती तशीच होती.

पुढे त्याच रुग्णालयात रक्ताचा एक नमुना खिडकीपाशी उन्हात राहिला आणि त्यातील पित्तरंजकाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी भरले. दोन्ही गोष्टी जुळल्या. क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून १९५८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. आज आपल्या प्रत्येक मोठ्या प्रसूतिगृहात कावीळ झालेल्या नवजात बालकाला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात. त्या उपचाराचा उगम तेथे आहे. जगभरात असंख्य बालकांचा मेंदू त्यामुळे वाचला आहे.

या घटनेत दोन व्यक्ती महत्त्वाच्या आहेत. एक, जिने संकोच बाजूला सारून दाखविले ती परिचारिका. आणि दुसरी, ज्यांनी ‘तुमचे काम तुम्ही करा’ असे न म्हणता पाहिले ते डॉक्टर. पहिली व्यक्ती प्रत्येक रुग्णालयात असते, अशी माझी श्रद्धा आहे. दुसरीची मात्र व्यवस्था करावी लागते.

मग सूचना येत का नाहीत? मी या निमित्ताने अनेक परिचारिकांशी बोललो. त्यांची कारणे फार साधी आहेत. एकीला वाटते की सांगितले तर ती तक्रार समजली जाईल. दुसरीला वाटते की बदली होईल, किंवा रजेचा अर्ज अडेल. तिसरी म्हणते, मागे सांगितले होते, काही झाले नाही, आता कशाला बोलू? आणि चौथीला लिहावयास वेळच नसतो. चाळीस खाटांच्या वॉर्डात दोघीजणी असताना अर्ज कोणी लिहावा? ही चारही कारणे खरी आहेत. त्यांपैकी पहिल्याचे उत्तर काही अंशी परिचारिकांच्या हाती आहे. उरलेल्या तिन्हींचे उत्तर प्रशासनाच्या हाती आहे. म्हणून मी दोघांशीही बोलणार आहे.

प्रथम परिचारिकांशी.

पहिली गोष्ट ही की, तक्रार आणि सूचना यांत भेद करावा. तक्रार व्यक्तीकडे बोट दाखविते, सूचना पद्धतीकडे. ‘रात्रपाळीच्या सिस्टर नोंद नीट ठेवीत नाहीत’ ही तक्रार झाली. ‘पाळी बदलताना नोंदवही वाचून दाखविण्यासाठी पाच मिनिटे राखून ठेवावीत’ ही सूचना झाली. तक्रार करण्याचा हक्क आपल्याला आहेच आणि प्रसंगी तो बजावलाही पाहिजे. परंतु ज्या कागदावर दोन्ही एकत्र येतात, त्यातील तक्रारीचा निकाल लागतो आणि सूचना मागे राहते.

दुसरी गोष्ट, मोजावे. येथे पुन्हा नाइटिंगेलबाईंचे स्मरण करावे लागेल. हाती दिवा घेतलेली त्यांची मूर्ती आपण सारे ओळखतो. हाती आकड्यांचा तक्ता घेतलेली त्यांची मूर्ती आपल्याला फारशी परिचित नाही. १८५४ च्या नोव्हेंबरमध्ये ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्थानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. १८५५ च्या फेब्रुवारीत तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ पर्यंत चढले होते. मार्चमध्ये स्वच्छता आयोगाचे लोक आले. गटारे उपसली, हवा खेळती केली. जूनपर्यंत ते प्रमाण शेकडा २ च्या आसपास उतरले. मायदेशी परतल्यावर नाइटिंगेलबाईंनी हे सारे आकडे मांडले. सैनिक जखमांपेक्षा रोगराईनेच कितीतरी अधिक मेले, हे त्यांनी १८५८ मध्ये रंगीत वर्तुळाकृती आलेखाने दाखविले. तक्ते सहसा कोणी वाचीत नाही, चित्र मात्र डोळ्यांत भरते, हे त्या ओळखून होत्या. त्या वेळी त्यांच्या हाती कोणतेही मंत्रिपद नव्हते, लष्करी हुद्दा नव्हता. होते ते निरीक्षण, आणि त्या निरीक्षणाचे आकडे. हिंदुस्थानात त्या कधीही आल्या नाहीत, तरी येथील छावण्यांकडून प्रश्नावल्या भरून घेऊन १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालाला त्यांनी मोठा हातभार लावला.

आपल्याला एवढे करावयाचे नाही. ‘नेहमी असे होते’ असे न लिहिता, पंधरा दिवस वहीच्या मागच्या पानावर खुणा करून ‘पंधरा दिवसांत सात वेळा असे झाले’ एवढे लिहावे. ‘नेहमी’ या शब्दाला वरिष्ठ उत्तर देऊ शकतात. ‘सात’ या आकड्याला उत्तर देणे कठीण असते.

तिसरी गोष्ट, मुद्दा आधी मांडावा. त्या परिचारिकेच्या अर्जाची पहिली अर्धी बाजू ‘सविनय’, ‘महोदयांच्या कृपादृष्टीस्तव’ अशा शब्दांनी भरली होती. विषय होता ‘पत्रकाबाबत’. मुलाच्या जिवाला धोका आहे, ही गोष्ट तिसऱ्या परिच्छेदात होती. हे मी माझा दोष कमी करण्यासाठी सांगत नाही. कागद शेवटपर्यंत वाचणे हे माझे कर्तव्यच होते. परंतु असे लिहावयास आम्हीच, सरकारी कार्यालयांनीच, लोकांना शिकविले आहे. आता ते विसरावयास हवे.

यासाठी एक चौकट उपयोगी पडते. अमेरिकेच्या आरमारातील अणुपाणबुड्यांवर थोडक्या शब्दांत नेमके सांगण्याची एक रीत होती. या शतकाच्या प्रारंभी तेथील कैसर पर्मनन्टे या आरोग्यसंस्थेतील मंडळींनी ती रुग्णालयांसाठी घडवून घेतली, आणि आज ती जगभर वापरली जाते. तिचे चार भाग आहेत: सद्यःस्थिती, पूर्वपीठिका, आपले अनुमान आणि आपली शिफारस. तिच्यानुसार सूचना कशी लिहावी याचा एक नमुना मी कल्पनेने तयार केला आहे.

‘सद्यःस्थिती: आमच्या वॉर्डातील औषधांच्या ट्रेमध्ये पोटॅशियम क्लोराइडच्या आणि इंजेक्शनच्या पाण्याच्या कुप्या एकत्र ठेवल्या जातात. पूर्वपीठिका: दोन्ही कुप्या आकाराने सारख्या आहेत. गेल्या पंधरा दिवसांत तीन वेळा चुकीची कुपी हाती आली, त्यांपैकी दोनदा रात्रपाळीत. तिन्ही वेळा टोचण्यापूर्वी चूक लक्षात आली. अनुमान: ही चूक एखाद्या वेळी लक्षात आली नाही तर रुग्णाचे हृदय बंद पडू शकते. शिफारस: पोटॅशियमच्या कुप्या ट्रेमधून काढून निराळ्या कुलूपबंद कप्प्यात ठेवाव्यात. दोन आठवडे आमच्या वॉर्डात करून पाहण्याची परवानगी असावी. खर्च नाही.’

हा सारा मजकूर अर्ध्या पानात मावतो. यात कोणावर आरोप नाही, आणि कोणाची स्तुतीही नाही. हा धोकाही काल्पनिक नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेसाठी जे नऊ उपाय सुचविले, त्यांत अशी तीव्र क्षारद्रावणे नियंत्रणाखाली ठेवणे हा एक आहे.

चौथी गोष्ट, थोडे मागावे आणि करून पाहावे. ‘संपूर्ण रुग्णालयात ही पद्धत सुरू करावी’ असे म्हटले की समिती नेमावी लागते. ‘आमच्या वॉर्डात दोन आठवडे’ असे म्हटले की मेट्रनबाईंच्या एका होकाराने काम भागते. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजावे. सुधारणा झाली तर ती शेजारच्या वॉर्डाने मागून घ्यावी. झाली नाही तर मोकळेपणाने सांगून सोडून द्यावी. फसलेली सूचना हा अपराध नाही.

पाचवी गोष्ट फार महत्त्वाची. रुग्णाला या क्षणी धोका असेल तर अर्ज लिहीत बसू नये. तेथेच, त्याच वेळी, तोंडाने बोलावे. एकदा बोलून ऐकले गेले नाही तर दुसऱ्यांदा अधिक स्पष्टपणे बोलावे, आणि तरीही ऐकले नाही तर त्यावरच्या अधिकाऱ्याला बोलवावे. दोनदा सांगण्याचा हा नियम विमानचालकांच्या शिक्षणातून रुग्णालयांत आला. वडीलधाऱ्यांना उलट बोलू नये, असे आपल्याला लहानपणापासून शिकविलेले असते. परंतु रुग्णाच्या उशाशी सर्वांत वडील एकच, तो म्हणजे रुग्णाचा जीव.

आता अधीक्षक आणि मेट्रनबाई यांच्याशी दोन शब्द. येथे मी आपल्यापैकीच एक म्हणून बोलतो, कारण ‘पाहिले’ असे लिहिणारा मीच होतो.

आपल्या वॉर्डातून सूचना येत नाहीत, चुकांची नोंद येत नाही, म्हणजे सारे आलबेल आहे, असे कृपया समजू नये. अमेरिकेतील अभ्यासक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. ज्या विभागांचे नेतृत्व चांगले, तेथे चुका कमी दिसतील अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तेथे नोंदलेल्या चुका अधिक निघाल्या. कारण शोधता असे दिसले की तेथील परिचारिका चूक सांगावयास भीत नव्हत्या. बाकीच्या विभागांत चुका कमी नव्हत्या. त्या झाकलेल्या होत्या.

आणि झाकलेल्या गोष्टींचे मोल किती पडते, हे इंग्लंडमधील स्टॅफर्डच्या रुग्णालयाच्या चौकशीतून दिसले. तेथे २००५ ते २००९ या काळात रुग्णांची भीषण हेळसांड झाली. कर्मचाऱ्यांपैकी काहींनी आवाज उठविला होता, पण तो ऐकला गेला नाही. २०१३ साली फ्रान्सिस आयोगाने आपल्या अहवालात २९० शिफारशी केल्या. त्या सर्वांचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर, जे रुग्णापाशी असतात त्यांचे ऐका.

याउलट, ऐकण्याची व्यवस्था केली तर काय होते हेही पाहावे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ साली मोठ्या शिरेत नळी घालण्यापूर्वी करावयाच्या पाच गोष्टींची एक साधी यादी केली. हात धुणे, त्वचा निर्जंतुक करणे अशा त्या गोष्टी होत्या. कोणत्याही डॉक्टरला त्या ठाऊक होत्याच. नवीन गोष्ट एवढीच की, एखादी पायरी गाळली गेली तर डॉक्टरला थांबविण्याचा अधिकार परिचारिकेला देण्यात आला, आणि प्रशासन तिच्या पाठीशी उभे राहील असे आधीच जाहीर केले गेले. पुढे मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत हा उपक्रम राबविला गेला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नळीच्या दर हजार दिवसांमागे जंतुसंसर्गाचे जे मध्यमान २.७ होते ते तीन महिन्यांत शून्यावर आले. यादी कागदाची होती. तिच्यात बळ आले ते परिचारिकेला मिळालेल्या अधिकारामुळे.

आपल्या देशातही ही दृष्टी येत आहे. २०१५ साली सुरू झालेल्या ‘कायाकल्प’ योजनेने सरकारी रुग्णालयांतील स्वच्छतेची मोजमापे ठरविली. २०१७ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ‘लक्ष्य’ उपक्रमात प्रसूतिगृहांसाठी दर्जा मंडळांची कल्पना आहे, आणि त्यांत डॉक्टरांच्या बरोबरीने परिचारिकांना स्थान आहे. गोव्याला तर १८४२ पासून वैद्यकीय शिक्षणाची परंपरा आहे. मंडळे कागदावर आहेत. त्यांच्या बैठकीत परिचारिकेला शेवटी नव्हे तर प्रथम बोलू द्यावे, एवढीच माझी विनंती.

याखेरीज चार साध्या गोष्टी सुचवितो. एक, आलेल्या प्रत्येक सूचनेची पोच आठ दिवसांत द्यावी आणि निर्णय महिन्याभरात कळवावा. निर्णय नकाराचा असला तरी कारणासह कळवावा. ‘निधी नाही’ हे उत्तर ऐकून माणूस पुन्हा विचार करतो; मौन ऐकून तो विचार करणेच सोडतो. दोन, सूचना मान्य झाली तर जिची ती असेल तिचे नाव तिच्या संमतीने फलकावर लिहावे. तीन, सूचना करणारीची बदली वा रजा यांचा निर्णय त्या काळात घ्यावा लागलाच, तर तो दुसऱ्या अधिकाऱ्याने तपासावा, म्हणजे शंकेला जागा उरणार नाही. चार, सूचनापेटीवर विसंबून राहू नये. मी अनेक कार्यालयांतील सूचनापेट्या पाहिल्या आहेत. त्यांची किल्ली कोणाकडे आहे, हे पुष्कळदा कोणालाच ठाऊक नसते. पेटीपेक्षा पाळी बदलतानाची दहा मिनिटे बरी. ‘आज काय अडले?’ एवढा एकच प्रश्न मेट्रनबाईंनी रोज विचारावा, आणि काल जे सांगितले त्याचे काय झाले, हे आधी सांगून मग विचारावा.

आता माझ्या पत्रकाची हकीकत पूर्ण करतो. दुसऱ्या आवृत्तीत पेल्याच्या जागी एक लिटरची बाटली आली, आणि शेजारी पाच पेले एका ओळीत काढले. पुडीवर लिहिलेले पाण्याचे प्रमाण पाहावे, असेही मोठ्या अक्षरांत घातले; कारण दुकानांत एका पेल्याची लहान पुडीही मिळते. छापण्यापूर्वी मी कच्चे चित्र घेऊन त्याच परिचारिकेकडे गेलो. त्यांनी ते वॉर्डातील दहा मातांना दाखविले आणि प्रत्येकीला विचारले, ‘यात काय सांगितलं आहे?’ दोघींनी सांगितले की पाचही पेले मुलाला एकदम पाजावयाचे. चित्र पुन्हा बदलले. तेव्हापासून माझ्या हातून निघणारे आरोग्यविषयक कोणतेही पत्रक वॉर्डातून फिरून आल्याशिवाय छापखान्यात जात नाही. त्यामुळे आठवडाभर उशीर होतो. तो मी सोसतो.

त्या बाईंच्या अर्जाला मी पाच महिन्यांनी रीतसर लेखी उत्तर पाठविले. त्यात चूक कबूल केली, काय बदल केला ते कळविले आणि आभार मानले. काही दिवसांनी त्यांची भेट झाली तेव्हा त्या म्हणाल्या की, एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी केलेल्या सूचनेला आलेले ते पहिले लेखी उत्तर होते. ते त्यांनी जपून ठेवले आहे. हे ऐकून मला आनंद व्हावयास हवा होता. परंतु खरे सांगतो, मला शरमच वाटली.

येथे बसलेल्या प्रत्येक भगिनीजवळ सांगण्यासारखे काही ना काही असणार. या मेळाव्यातून आपण परत जाल तेव्हा त्यातील एक गोष्ट निवडा, पंधरा दिवस मोजा, आणि अर्ध्या पानावर लिहा. आणि येथे बसलेल्या अधिकाऱ्यांना विनंती की तो कागद आपल्या मेजावर आला की ‘पाहिले’ असे लिहिण्यापूर्वी तो वाचावा, आणि वाचून झाल्यावर ज्या वॉर्डातून तो आला तेथवर एकदा चालत जावे.